साहेबाच्या बागेतले रातांबे

मी तापट आहे हे लग्न ठरतानाच मी सांगून टाकलं होतं. तेव्हा त्या दिवशी ट्रस्टच्या बैठकीत जे झालं त्याबद्दल सासरच्या कुणी मला बोल लावू नये.

बैठक रामघाटावर, आमच्या वेदशाळेच्या माडीवर होती. सुमंतकाका ट्रस्टचे अध्यक्ष. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण अजून गाडी सुटायची वेळ झाल्यासारखे बोलतात. ते म्हणाले, "वरुणेकाठची बाग लॉनवाल्याला देऊन टाकू. शादीचा मोसम आला की सगळ्या बनारसला लॉन हवं असतं. भिंत पाडावी लागेल, ते तो बघेल. पुढचा विषय घ्या."

पुढचा विषय कसला घेता? मी उभी राहिले. माळी सोडून गेल्यापासून ती बाग मी बघते. शाळेतली नोकरी संपल्यावर तर माझी सकाळ तिथेच उगवते. "काका, ती चालती बाग आहे," मी म्हणाले.

"चालती? येतं काय तिच्यातून, नीरजा? बेल घाटावर मिळतो. दूर्वा कुठेही उगवतात. बाग म्हणायची तर एक फळ तरी दाखव."

"कोकम आहे."

माडीवर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसले ते ढुंढिराजभाऊजी, माझे चुलत दीर आणि ट्रस्टचे सेक्रेटरी. हसताना तोंडातलं पान त्यांना हाताने सांभाळावं लागलं. "वहिनी, झाड आहे, मान लिया. पण कोकम किधर है? आजपर्यंत एक दाना पाहिलाय कुणी?"

ते खरं बोलत होते, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. समोर आमचे यजमान दत्तात्रेय खाली मान घालून सतरंजीचे धागे मोजत बसले होते. बँकेत आयुष्य गेलं त्यांचं, भांडणात पडायची सवय नाही. मग मीच पडले.

"ऐका," मी म्हणाले. "वैशाखातल्या वसंतपूजेला कुणी कैरीचं पन्हं करायचं नाही. सगळ्या वैदिकांना मी कोकमाचं सरबत देईन, याच बागेतल्या कोकमाचं. नाही दिलं तर भिंत पाडायला पहिली वीट मी माझ्या हाताने काढून देईन. सगळ्यांसमोर."

वसंतपूजा हा आमच्या काशीच्या मराठी घरांचा मोठा मान. घनपाठी वैदिकांना बोलावायचं, चंदन लावायचं, त्यांच्या तोंडून वेद ऐकायचे आणि उन्हाने शिणलेल्या त्या गळ्यांना पन्हं आणि कैरीची डाळ द्यायची. तिथे पन्ह्याला हात लावणं म्हणजे गंमत नव्हती.

"ठरलं," सुमंतकाका म्हणाले. "लॉनवाल्याला सांगतो, वैशाखापर्यंत थांब."

घरी परतताना टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीच्या रिक्षात, दत्तात्रेय एवढंच म्हणाले, "अगं, निदान लिंबू तरी म्हणायचं होतंस."

*

आता ती बाग काय आहे ते सांगते. छावणीच्या पलीकडे, वरुणेच्या काठाला बेल्डन नावाच्या एका निळीच्या व्यापाऱ्याने कोठी बांधली होती. बनारसने त्याचं नाव बेलन करून टाकलं, आणि ती कोठी आजही बेलन कोठीच आहे. कोठीचं छप्पर कधीच खाली आलं. दिवाणखान्यात आता कडुनिंब उभा आहे. पण मागची बाग टिकली, कारण तिच्या चारी बाजूंनी साहेबाने दोन पुरुष उंच विटांची भिंत घातली होती. त्याच्या देशात म्हणे अशाच बागा असतात, भिंतीआडच्या. पुढे एका मराठा सरदाराने ती जागा घेतली आणि पूजेच्या फुला-पत्रीसाठी वेदशाळेला देऊन टाकली.

त्या चार भिंतींतली उत्तरेची भिंत बाकीच्यांपेक्षा जाड. तिचं तोंड दक्षिणेला, दिवसभर ऊन अंगावर घेणारी. तिच्यात मधूनमधून छोट्या देवळ्या आणि माथ्यावर तीन चौकोनी, हातभर उंचीची तुळशीवृंदावनं. वृंदावनं एवढ्या उंचावर का, असं लहानपणी माझ्या लेकीने, ईशानीने, विचारलं होतं. तिला सांगितलं गेलं की जुने लोक शेळ्यांच्या भीतीने तुळस उंच लावत. आणि शेळ्या खरंच येतात. नदीकडचा एक कोपरा ढासळला आहे, तिथून.

त्या जाड भिंतीच्या पायथ्याशी माझी कोकमं. माझं माहेर देवरुखचं. सासरी पहिल्या उन्हाळ्यात लू, इथला होरपळून काढणारा वारा, अंगावर घेऊन मी रडले तेव्हा बाबांनी रुमालात बांधून बिया पाठवल्या होत्या. त्या काही जगल्या नाहीत. मग पुन्हा आणल्या, पुन्हा मेल्या. बाग माझ्या हाती आल्यावर मी जिद्दीने शेवटच्या बिया या भिंतीजवळ लावल्या, तेव्हा दोन झाडं धरली. कोकमात नर झाड वेगळं, मादी वेगळं, आणि कळ्या धरल्याशिवाय कोण कोण ते कळत नाही. नशीब एवढं चांगलं की एक नर निघालं, एक मादी. नशीब तिथेच संपलं. दरवर्षी मार्गशीर्षात कळ्या यायच्या, पौषात बनारसचा कोहरा, ते गोठवणारं दाट धुकं, उतरायचा, आणि कळ्या काळ्या पडून मातीत. कोकणातलं झाड ते. त्याला थंडी म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

म्हणजे मी पैज मारली होती ती पौषाशी. आणि पौषाचं काय करायचं हे मला अजिबात माहीत नव्हतं.

*

त्रिपुरी पौर्णिमेला अख्खं जग देवदिवाळी बघायला आमच्या घाटांवर उतरतं. रामघाटाच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. आमच्याकडे एक जुना रिवाज आहे: त्या संध्याकाळी वेदशाळेच्या मालकीच्या प्रत्येक जागेत दिवा लागलाच पाहिजे. देवळात लागतो, विहिरीवर लागतो, बागेत लागतो. बागेचं काम माझं. मी आणि ईशानी दिवस मावळायच्या आत पणत्या घेऊन पोचलो आणि भिंतीच्या देवळ्यांतून त्या मांडत गेलो.

वारा पडलेला होता. सगळ्या ज्योती सरळ उभ्या. फक्त कोकमाजवळच्या देवळीतली ज्योत आडवी झालेली, आणि तीही आतल्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून.

"आई, ही उलटी का जळतेय?" ईशानी म्हणाली.

मी पणती उचलून बाजूच्या देवळीत ठेवली. ज्योत सरळ झाली. परत आणली, परत आत वाकली. आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवलं मी. गरम हवा वर जाते, तिच्या जागी दुसरी हवा ओढली जाते, हे फळ्यावर इतक्यांदा लिहिलं की खडूची ॲलर्जी झाली. आणि त्या भिंतीसमोर मी बावळटासारखी उभी. देवळीत आतपर्यंत बोट घातलं. मागे वीट नव्हती. भोक होतं. भिंत आतून पोकळ होती आणि श्वास घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी लावून मी वर चढले. दत्तात्रेयांनी शिडी धरली आणि वर न बघता रामरक्षा म्हणत राहिले. कोकमावरच्या वृंदावनातली तुळस गेल्या उन्हाळ्यात वाळून गेली होती, माती खचून खाली गेली होती, आणि तिथे एक काळंकुट्ट विवर होतं. हात घालून बाहेर काढला तर कोपरापर्यंत काजळी.

"अहो!" मी वरून ओरडले. "हे वृंदावन नाहीच! हे धुरांडं आहे!"

मग सगळं उलगडलं. साहेबाला आपल्या देशातली फळं हवी होती. तिकडे ऊन नसतं, म्हणून तिकडचे लोक बागेची भिंत पोकळ बांधून आतून धूर फिरवतात आणि भिंत ऊबदार ठेवतात. हा शहाणा काशीला येऊनही तीच भिंत बांधून बसला. ज्या गावात वैशाखात दगडावर पापड भाजेल तिथे भिंत तापवायची भट्टी! बाहेरच्या बाजूला घाणेरीचं रान तोडलं तेव्हा भट्टीचं तोंडही सापडलं. साहेब गेला, बाग वेदशाळेला मिळाली, आणि आमच्या पूर्वजांनी भिंतीवर तीन चौकोनी ओटे पाहिले. चौकोनी ओटा आणि वर उघडं तोंड, म्हणजे दुसरं काय असणार? त्यांनी भक्तिभावाने त्यात माती भरली आणि तुळस लावली. पिढ्यान् पिढ्या आम्ही साहेबाच्या धुरांड्याला नमस्कार करत आलो.

मी हसून हसून शिडीवरून पडायची बाकी राहिले. पण खाली ढुंढिराजभाऊजी येऊन उभे होते, आणि त्यांना हसू आलं नव्हतं.

"वहिनी, उरलेल्या दोन तुळशी तुम्ही उपटणार? सरबतासाठी? हे मी होऊ देणार नाही. शास्त्रीबुवांना विचारू."

नरहरशास्त्री वेदशाळेचे मुख्य. फार कमी बोलतात. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुळशीचं लग्न लागलं का यंदा?"

"लागलं ना, बुवा. द्वादशीलाच लागलं," भाऊजी म्हणाले.

"मग लग्न झालेली मुलगी किती दिवस माहेरी ठेवणार? पाठवणी करा."

भाऊजींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी मात्र हसू पदरात दडवलं, एवढं माझ्या नावावर जमा धरा. आम्ही विहिरीजवळ दोन नवी वृंदावनं बांधली, दोन्ही तुळशी मुळांसकट उतरवल्या, खणा-नारळाने ओटी भरली आणि वाजतगाजत सासरी पोचवल्या. पाठवणीला सगळ्यांत जास्त डोळे कुणी पुसले असतील तर ढुंढिराजभाऊजींनी. मग मी धुरांडी साफ करून घेतली.

*

पहिल्या दिवशी भट्टी पेटवली तेव्हा सगळा धूर देवळ्यांमधून माझ्या तोंडावर आला. ईशानी म्हणाली, "आई, तू एकदम भूतनी दिसतेयस." देवळ्यांची भोकं चिखलाने लिंपली, आणि दुसऱ्या दिवशी तिन्ही धुरांड्यांतून निळा धूर सरळ वर चढला. मी गोवऱ्या वापरल्या, ज्याला इथे गोइठा म्हणतात. लाकूड भडकून विझतं, गोवरी रात्रभर धुमसते. तासाभराने मी भिंतीवर हात ठेवला. ताप उतरत आलेल्या मुलाच्या कपाळासारखी लागली ती. मला इतका आनंद झाला की मी त्या भिंतीवर गाल टेकला.

त्या वर्षीचा पौष मेला कोपलाच. कोहरा असा की टोटोवाल्याला स्वतःचं चाक दिसेना. शाळा बंद, शेगड्या पेटलेल्या, सकाळी घाटावर स्नानाला जाणारे म्हातारे 'हर हर महादेव' एवढ्या जोरात म्हणत की त्यातच त्यांची थंडी जावी. मी रोज संध्याकाळी भट्टी भरून घरी जायची आणि सकाळी धावत कळ्या बघायला यायची. कळ्या गुलाबी. टवटवीत.

भाऊजी आठवड्याभराने आले, 'वहिनींनी आग तर नाही लावली बागेला' ते बघायला म्हणे. बोलता बोलता भिंतीला टेकले. आणि टेकलेलेच राहिले. त्यांच्या कंबरेत जुनं दुखणं आहे, आणि त्या कंबरेला भिंतीची ऊब लागली होती.

"वहिनी," ते म्हणाले, "उद्या मी येऊन भट्टीवर नजर ठेवतो. बायकामाणसांनी एकटं आगीशी खेळू नये."

दुसऱ्या दिवशी ते चटई घेऊन आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत दोन घनपाठी आले. पौष सरेपर्यंत अशी परिस्थिती झाली की दुपारच्या पाठाला निम्मी वेदशाळा भिंतीला पाठ लावून ओळीने बसलेली, आणि माझ्या कोकमांना पाणी घालायचं तर मला "जरा पाय घ्या, जरा पाय घ्या" करत जावं लागे. लॉनवाल्याचा माणूस भिंत मोजायला आला तोही टेप हातात धरून तिथेच बसला. चहा मागितला त्याने. मी दिला. शत्रूला सुद्धा थंडी वाजते.

माघ संपताना मादी झाडाच्या फांद्यांवर वाटाण्याएवढी हिरवी फळं दिसली. मी देवरुखला भावाला फोन लावला आणि एक शब्द न बोलता रडत राहिले. तो घाबरून विचारायला लागला, कोण गेलं? मी म्हटलं, "कुणी गेलं नाही रे. रातांबे आलेत."

*

आणि मग लू आली.

चैत्र अर्धा सरला आणि पश्चिमेकडून ते वारं सुटलं. भट्टी मी कधीच बंद केली होती, पण आता सूर्यच ती भिंत तापवत होता. पौषात माझ्या झाडांची आई झालेली भिंत वैशाखाच्या तोंडावर त्यांची वैरीण झाली. दुपारी तिच्यावर हात टेकवेना. फळं लिंबाएवढी झाली होती, अजून हिरवी, आणि एकेक गळायला लागली. मी सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं, मुळांशी पालापाचोळा रचला, फांद्यांवर ओली पोती टाकली. पोती बघता बघता वाळून कडक व्हायची. रोज सकाळी झाडाखाली हिरवी फळं पडलेली.

वसंतपूजा तोंडावर आली होती. एका संध्याकाळी मी दत्तात्रेयांना म्हटलं, "पहिली वीट कुठली काढायची ते बघून ठेवते." त्यांनी बँकेतल्या इतक्या वर्षांत कुणाचा धरला नसेल असा माझा हात घट्ट धरला आणि म्हणाले, "थांब अजून."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत पोचले तर भट्टीच्या तोंडाशी ढुंढिराजभाऊजी उकिडवे बसलेले. शेजारी त्यांच्या घरच्या गच्चीवरचे वाळ्याचे पडदे. तेच, जे भिजवून ते दुपारी त्यांच्याआड घोरतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत.

"भाऊजी, हे काय?"

"वहिनी, तुम्ही विज्ञानाच्या टीचर, मी साधा भिक्षुक. एक बात बताओ. ज्या वाटेने धूर जातो त्या वाटेने हवा नाही जाणार?"

धुरांडी उन्हात तापली की आतली हवा वर जाणारच. आणि खाली भट्टीच्या तोंडाला ओला वाळा लावला तर भिंत ती ओली, गार हवा आपल्या पोटातून ओढून घेणार. ज्या ज्योतीने मला हे शिकवलं होतं ती मी पौषापुरतीच लक्षात ठेवली होती.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुम्ही तर लॉनच्या बाजूचे ना?"

"मैं अपनी कमर की तरफ हूँ," ते म्हणाले. "पुढच्या पौषात मी टेकू कुठे? लॉनच्या प्लास्टिकच्या खांबाला?"

आम्ही पडदे लावले, भिजवले, आणि त्यांनी दिवसभर लोटी-लोटी पाणी शिंपडत ते ओले ठेवले. दुपारी मी भिंतीवर तळहात टेकला. टेकवता आला. गार नव्हती काही, उगीच कशाला खोटं बोलू, पण माठाच्या बाहेरच्या अंगाइतपत सुखाची होती. सगळ्या भिंतीला वाळ्याचा वास सुटला होता. फळांची गळती दोनेक दिवसांत थांबली. आणि मग एका सकाळी पानांआड एक रातांबा लाल झालेला दिसला, मग त्याच्या मागचा, मग वरची सगळी फांदी.

*

वसंतपूजा मी बागेतच घ्यायला लावली. सकाळी लवकर, लू सुटायच्या आत. वैदिक भिंतीच्या सावलीच्या अंगाला ओळीने बसले, दत्तात्रेयांनी एकेकाला चंदन लावलं, आणि नरहरशास्त्र्यांनी वेदांचा घनपाठ सुरू केला. त्या भिंतींच्या आत तो आवाज असा घुमला की पोपट झाडावरून उडाले नाहीत, तिथेच गप्प झाले.

पाठ संपला. मी आणि ईशानी चांदीच्या पेल्यांतून सरबत फिरवायला लागलो. ताज्या रातांब्याची सालं पाण्यात कुस्करलेली, साखर, चिमूटभर मीठ, भाजलेलं जिरं. सकाळच्या उन्हात पेल्यांतलं सरबत माणकासारखं दिसत होतं. नरहरशास्त्र्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि पेला पूर्ण रिकामा करूनच खाली ठेवला. एरवी ते पन्ह्याला नुसता ओठ लावतात.

सुमंतकाका पेला हातात धरून बसले होते. शेजारी लॉनवाला, त्यालाही त्यांनीच बोलावलं होतं. काका म्हणाले, "सरबत झकास आहे, नीरजा. पण हे देवरुखहून मागवलेलं नाही कशावरून?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दत्तात्रेय पुढे सरकले, पण मी त्यांना हाताने थांबवलं. इतक्या महिन्यांत मी इतकी शांत कधीच नव्हते. "उठा काका," मी म्हणाले.

त्यांना झाडाजवळ नेलं. देठावर लटकलेला एक काळसर लाल रातांबा त्यांच्याच हाताने तोडायला लावला. मग तो त्यांच्या ओंजळीत ठेवून मी वरून दाबला. फळ फुटलं, रस त्यांच्या मनगटावरून ओघळला आणि वसंतपूजेसाठी घातलेल्या त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यावर सांडला. त्यांनी बोट चाटलं. मग दुसरं चाटलं. मग रेल्वेच्या साहेबासारखे नाही, लहान मुलासारखे हसले.

"आणखी एक पेला आण," ते म्हणाले. आणि लॉनवाल्याकडे वळून, "भैया, माफ करना. बगीचा चालू है."

लॉनवाल्याचा पेला केव्हाच रिकामा झाला होता. त्याने तोही पुढे केला.

वैदिकांनी आशीर्वादाचे मंत्र म्हणत यजमानांवर अक्षता टाकायच्या असतात. यजमान दत्तात्रेय होते, पण नरहरशास्त्र्यांनी पहिली मूठ माझ्यावर टाकली आणि दुसरी भिंतीवर. मग सगळ्यांनीच टाकल्या. विटांच्या फटीफटीत पिवळ्या अक्षता अडकल्या. मी पदर तोंडाला लावला. मला मनापासून वाटलं, बाबांनी हे बघायला हवं होतं.

तेवढ्यात ढुंढिराजभाऊजी एका हातात वीट आणि दुसऱ्या हातात थापी घेऊन आले. घमेल्यात मालही कालवून ठेवला होता त्यांनी, नदीकडच्या ढासळलेल्या कोपऱ्याजवळ.

"वहिनी, पहिली वीट," ते म्हणाले. "सबके सामने बोली थीं."

"काढीन म्हणाले होते, भाऊजी."

"काढायला आता मिळणार नाही. जे मिळतंय ते करा."

मी वीट घेतली. रस लागलेल्या हातांनीच कोपऱ्यात ती बसवली, वरून थापीने ठोकली, आणि वर बघितलं तर सुमंतकाका दुसरी वीट घेऊन मागे उभे. त्यांच्या मागे दत्तात्रेय, त्यांच्या मागे घनपाठी. ज्या दिवशी ती भिंत पाडायची ठरली होती त्या दिवशी ती हातभर वाढली. शेळ्या बाहेर उभ्या राहून बघत होत्या.

सुमंतकाकांच्या कुडत्यावरचा डाग अजून निघालेला नाही. कोकमाचा डाग निघत नाही, हे मला ठाऊक होतं, आणि मी तो मुद्दाम पाडला होता.